पाकोळीला झाड चालत नाही

पाकोळी तारेवर बसत नाही. विजेच्या तारांवर ओळीनं बसलेले, दुभंगलेल्या शेपटीचे पक्षी दिसले तर त्या भिंगऱ्या. पाकोळी फांदीवर बसत नाही, गॅलरीच्या कठड्यावर बसत नाही, अंगणात टाकलेल्या दाण्यांसाठी खाली उतरत नाही. उन्हाळ्यात आपण मायेनं भरून ठेवलेल्या पाण्याच्या भांड्याकडे ती ढुंकूनही बघत नाही. पाणीसुद्धा ती उडता उडताच, नदीच्या किंवा तळ्याच्या अंगाला चोच घासून पिते. पाय अगदी आखूड, बोटांना वाकड्या, अणकुचीदार नख्या. या पायांनी चालता येत नाही, फांदी पकडता येत नाही. खडबडीत उभ्या भिंतीला लटकता तेवढं येतं.

पिंपरी-चिंचवडमध्ये हयात घालवलेल्या माणसानं ही पाकोळी असंख्य वेळा पाहिलेली असते, फक्त ओळख झालेली नसते. जनरल शिफ्ट सुटते, कंपन्यांच्या बसगाड्या रस्त्याला लागतात, मोरवाडीपासून आकुर्डीपर्यंत वाहनं तुंबतात. त्याच सुमारास एखाद्या पुलाच्या वरच्या आभाळात काळे ठिपके गोळा होतात, चिर्रर्र असा बारीक थरथरता आवाज करत एकमेकांच्या मागे भिरभिरतात, एकदम दाटतात आणि पुन्हा पांगतात. बहुतेकांना ती वटवाघळं वाटतात. ती वटवाघळं नव्हेत. चिमणीपेक्षा लहान अंगाचा, जेमतेम पंचवीस ग्रॅम वजनाचा हा पक्षी आहे. रंग काळपट, गळा पांढरा, कमरेवर पांढरा पट्टा, शेपूट आखूड आणि जवळजवळ सरळ कापलेलं, पंख विळ्याच्या आकाराचे. हवेत उडणारे किडे हेच त्याचं अन्न: पंख फुटलेल्या मुंग्या, वाळवी, चिलटं, लहान भुंगे. पहिल्या पावसानंतर दिव्याभोवती जे पंखवाले किडे आपल्याला नकोसे होतात ते दिवस म्हणजे पाकोळ्यांची चैन.

या कुळातले पक्षी हवेत किती काळ राहू शकतात हे ऐकलं की माणूस गप्प होतो. स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठातल्या संशोधकांनी युरोपातल्या पाकोळ्यांच्या पाठीवर अगदी हलकी यंत्रं बसवली आणि 2016 मध्ये निष्कर्ष जाहीर केले. विणीचा हंगाम संपल्यावर काही पाकोळ्या सलग दहा महिने जवळपास जमिनीला न टेकता उडत राहिल्या होत्या. खाणं हवेत, झोपही हवेत. आपल्याकडच्या या पाकोळ्यांची, म्हणजे गावपाकोळ्यांची, तऱ्हा जरा वेगळी. त्या लांबच्या मुलखात जात नाहीत, रात्री मुक्कामाला घरट्यात परततात. बहुतेक पक्षी पिल्लं उडाली की घरटं सोडून देतात. ही पाकोळी सोडत नाही. वर्षभर तेच घरटं, तीच रात्रीची जागा, पुढच्या विणीला डागडुजी करून पुन्हा तेच. ज्याला ‘घरटं रिकामंच आहे, काढून टाका’ म्हणतात, ते रिकामं नसतं. त्यातली मंडळी दिवसाची कामावर गेलेली असतात.

मूळचा हा पक्षी कड्यांचा आणि गुहांचा. आमच्या पिंपरी-चिंचवड-चाकण पट्ट्याच्या भोवतीनं घोरवडेश्वर आहे, भंडारा आहे, चाकणच्या बाजूला भामचंद्र आहे. तिन्ही डोंगर दगडी, तिन्ही डोंगरांत कोरीव गुहा. खाली मात्र पवना आणि इंद्रायणीच्या मधला मुलूख म्हणजे माळरान आणि ज्वारी-बाजरीची शेतं. 1954 मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. 1962 मध्ये औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आलं आणि पाहता पाहता भोसरी, चिंचवड, आकुर्डी इथं शेडवर शेड उभी राहिली. 1970 मध्ये नगरपालिका, 1982 मध्ये महानगरपालिका. 2009 च्या आसपास चाकणला मोटारींचे मोठाले कारखाने सुरू झाले, आणि कांदा-बटाट्याच्या बाजारासाठी ओळखलं जाणारं गाव कंटेनरच्या रांगांसाठी ओळखलं जाऊ लागलं. 2011 च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या सतरा लाखांच्या पुढे होती. माळ गेला तसे चंडोल गेले, टिटव्या रिकाम्या प्लॉटांवर हटत हटत गेल्या. पाकोळीच्या पदरात मात्र या सगळ्यातून काहीतरी पडलं. तिच्या दृष्टीनं सिमेंटचा पूल हा कडाच आहे. वर पक्कं छत, ऊन नाही, पाऊस नाही, मांजर पोचत नाही, आणि खाली नदी, जिच्यावर किडे उडतात. आपण आपल्या सोयीसाठी जे बांधलं त्यातला एक निरुपयोगी कोपरा तिनं उचलला. शहराच्या वाढीतून फायदा झालेले रानपक्षी बोटांवर मोजण्याइतकेच असतील. त्यांच्यातलाही हा पक्षी आता आपण घालवायच्या बेतात आहोत, ही गोष्ट मला लागते.

पवनेवरच्या एका पुलाखाली मी नेहमी जातो. काठाची पायवाट उतरून, जलपर्णीचा वास सोसत खांबापाशी उभं राहायचं आणि मान वर करायची. गर्डर आणि स्लॅब जिथं मिळतात त्या काटकोनात घरटी असतात. एकेक सुटं नसतं. एकाला एक चिकटून, एकाची भिंत दुसऱ्याच्या उपयोगी पडेल अशी सगळी चाळ. बाहेरून बघावं तर मळकट, विस्कटलेली, धुळीनं काळवंडलेली. सौंदर्य म्हणून दाखवावं असं त्यात काही नाही, आणि म्हणूनच ती काढून टाकताना कुणाचा हात अडखळत नाही. एका वळवाच्या पावसानंतर तिथं खाली पडलेलं एक घरटं मला मिळालं. घरी आणून वर्तमानपत्रावर ठेवलं आणि चिमट्यानं सावकाश सोडवत गेलो. सगळ्यात जास्त होती कोंबडीची पांढरी पिसं, चिकनच्या दुकानांमागून उडालेली. त्यांच्या जोडीला कुसळी गवताच्या काड्या, एप्रिलमध्ये उडणारा सावरीचा कापूस, पारव्याची दोन-चार करडी पिसं. आणि मग आमचा पट्टा: मशीन पुसायच्या कॉटन वेस्टचे रंगीत धागे, थर्माकोलचे दाणे, पॅकिंगच्या प्लॅस्टिक सुतळीचे उलगडलेले तंतू. पाकोळी जमिनीवर उतरून काडी उचलत नाही. हवेत जे तरंगतं तेच ती उडता उडता टिपते. तेव्हा तिच्या घरट्यावरून त्या परिसराच्या हवेत काय काय उडतं ते कळतं. हे सगळं तिनं स्वतःच्या लाळेनं चिकटवलेलं असतं. वाळलेली लाळ इतकी घट्ट बसली होती की नखानं खरवडावं लागलं. इतकं सामान हवेतून एकेक करून आणायचं आणि थुंकीनं जोडायचं, हे काम एका दिवसाचं नाही, एका आठवड्याचंही नाही. खालून बांबूनं ढोसलं तर ते उतरायला अर्धं मिनिट पुरतं.

चिमणीचाही यात हिस्सा आहे. नाशिकच्या नेचर फॉरएव्हर सोसायटीच्या पुढाकारानं 2010 पासून 20 मार्चला जागतिक चिमणी दिवस पाळला जातो, सोसायट्यांमधून लाकडी खोपे वाटले जातात, ते चांगलंच आहे. पण पाकोळ्यांच्या वस्तीत थोडा वेळ थांबलात तर एखाद्या घरट्याच्या तोंडातून चिमणा बाहेर डोकावताना दिसेल. चिमण्या पाकोळ्यांची घरटी सर्रास बळकावतात. पुलाखालची वस्ती राहिली तर तिच्यासोबत चिमण्यांचीही सोय राहते.

आता कारखान्यातली हकीकत. मी नोकरीत मेंटेनन्सला होतो. चाकण भागातला प्लांट, नावाची गरज नाही. डिस्पॅचच्या दारावर ट्रक उभे राहतील एवढा मोठा सिमेंटचा छज्जा होता आणि त्याच्या बीमच्या कोपऱ्यात पाकोळ्यांची चाळ होती. एका वर्षी परदेशी ग्राहकाचं ऑडिट लागलं. ऑडिट म्हटलं की प्लांटमध्ये लग्नघर होतं. काँट्रॅक्टरला दिलेल्या कामांच्या यादीत गटार साफ करणं, पिवळे पट्टे मारणं, छज्जा रंगवणं, आणि यांच्या मधोमध एक ओळ: पक्ष्यांची घरटी काढणं. ती ओळ कुणी दुष्टपणानं लिहिलेली नव्हती. मागच्या वर्षीची यादी काढून तारीख बदललेली होती, इतकंच. एप्रिलचा शेवट. रंगाऱ्याचा पोरगा सिझर लिफ्टवरून वर गेला होता, हातात खरवडायची पत्ती. मी खालून हाक मारली, “थांब रे जरा, आत पिल्लं असतील.” तो म्हणाला, “साहेब, आत कायतरी कुरकुरतंय हे मलाबी ऐकू आलं. पण लिस्टमधी हाय ना.” त्यानं पत्ती खिशात घातली आणि लिफ्ट खाली आणली. तो लातूरकडचा. त्याच्या घरी माळवदाखाली चिमण्या असायच्या, आईनं कधी काढू दिल्या नाहीत, असं त्यानंच नंतर चहा पिताना सांगितलं.

डिस्पॅचच्या सुपरवायझरची बाजूही खोटी नव्हती. “सर, खाली तयार माल आहे. एका खोक्यावर घाण पडली आणि ग्राहकानं फोटो पाठवला तर उत्तर मी देणार.” बरोबर होतं त्याचं. पक्षीप्रेमी माणसं अशा वेळी वैतागतात आणि समोरच्याला निर्दय ठरवतात. त्यानं काम होत नाही. फॅब्रिकेशनमध्ये भंगाराचा पत्रा पडलेला होता. त्याची एक लांब पन्हळ वाकवून घेतली आणि घरट्यांच्या खाली हातभर अंतर सोडून, पक्ष्यांचा येण्याजाण्याचा रस्ता मोकळा ठेवून बसवली. पडेल ते पन्हळीत पडायला लागलं. छज्ज्याचा बाकीचा भाग रंगवला, घरट्यांचा पट्टा तसाच ठेवला. ऑडिटर आला, त्यानं वर बोट केलं, आम्ही पन्हळ दाखवली, त्यानं वहीत नोंद केली आणि पुढे गेला. राहिलेला पट्टा, घरट्यांना हात न लावता, आम्ही दसऱ्याला केला.

दसऱ्याचं मी मुद्दाम सांगतो. कारखान्यात काम केलेल्या प्रत्येकाला खंडेनवमी ठाऊक असते. मशीन धुऊनपुसून लखलखीत, झेंडूची तोरणं, हळदकुंकू, कुटुंबाला प्लांट दाखवायचा दिवस. त्याच्या आधीच्या दिवसांत सगळं आवार झाडून, रंगवून निघतं. घरांचंही तसंच, भिंतीला चुना दसरा-दिवाळीला लागायचा, पाऊस ओसरल्यावर. पाकोळ्यांची वीण आपल्याकडे फेब्रुवारी-मार्चला सुरू होऊन सप्टेंबरपर्यंत चालते. म्हणजे आपल्या जुन्या रहाटीतला रंगकामाचा हंगाम आणि पिल्लांचा हंगाम एकमेकांच्या आड येत नव्हते. आता महापालिका, कंपन्या, सोसायट्या सगळ्यांची मान्सूनपूर्व कामं एप्रिल-मेमध्ये असतात. गळती काढणं, वॉटरप्रूफिंग, पुलांची डागडुजी. त्यातली काही कामं पावसाआधीच व्हावी लागतात, ते मान्य. पण छताच्या खालच्या बाजूचा रंग? छज्ज्याच्या पोटाला पाऊस लागत नाही. तो मे महिन्यातच मारला पाहिजे असं कुठल्याही अभियंत्याला सिद्ध करता येणार नाही.

मी निवृत्त झालो. नंतर त्या इमारतीला दर्शनी बाजूनं गुळगुळीत चकचकीत पॅनेलचं आच्छादन चढलं, छज्जाही त्यात गेला. आता तिथं पाकोळ्या नाहीत. तशा पॅनेलवर नख्या ठरत नाहीत, लाळ चिकटली तरी घरट्याला टेकू मिळत नाही. चाकणच्या नव्या गोदामांच्या पत्र्याच्या भिंती, हिंजवडीच्या काचेच्या इमारती, रावेत-पुनावळ्याचे टॉवर, सगळीकडे पृष्ठभाग असेच. जुन्या बांधकामांतल्या उघड्या बीम, खडबडीत गिलावा, वळचणी, निगडी प्राधिकरणातल्या जुन्या बैठ्या घरांचे सज्जे, हे सगळं रिडेव्हलपमेंटमध्ये झपाट्यानं चाललं आहे. त्याच्या जागी जे येतं त्यात पाकोळीला नख रोवायला जागा नाही.

त्यात भर जाळ्यांची. कबुतरांनी माणसं त्रासली आहेत यात शंका नाही. त्यांच्या विष्ठेमुळे काहींना फुप्फुसांचा गंभीर आजार होतो, हे डॉक्टर सांगतात. 2025 मध्ये मुंबईत कबुतरखान्यांचा वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला, दादरचा कबुतरखाना बंद झाला, आणि आपल्याकडेही घरोघर जाळी बसवणाऱ्यांना दिवसभर उसंत नाही. माझं म्हणणं एवढंच, की कबुतराचा राग पाकोळीवर काढू नका. दोघांचं वागणं पूर्ण वेगळं. कबुतर गॅलरीत येतं, खिडकीच्या पट्टीवर बसतं, दाणे टाकले की संख्येनं वाढतं. पाकोळीला दाणे घालताच येत नाहीत. ती गॅलरीत येत नाही, धान्याला तोंड लावत नाही. जाळी बसवणारा मात्र डक्टवर किंवा पार्किंगच्या छताखाली वरपासून खालपर्यंत जाळी ओढतो आणि पैसे घेऊन जातो. आत पाकोळीची घरटी असली आणि त्यांत पिल्लं असली, तर आईबाप बाहेर घिरट्या घालतात आणि पिल्लं आत उपाशी मरतात. त्यांचा आवाज बारीक असतो. खाली गाड्या सुरू असतात. कुणाला कळतही नाही.

आपल्याकडे निसर्गाचं काम म्हटलं की झाड. पर्यावरण दिन, वाढदिवस, कंपनीचा सामाजिक निधी, नेत्यांचे दौरे, सगळीकडे रोपं. झाडं हवीतच, त्यांच्यावर किडे येतात आणि किड्यांवर पाकोळ्या जगतात. पण पाकोळीला राहायला झाड चालत नाही. तिच्या कुळातली ताडपाकोळी तेवढी ताडाच्या लोंबत्या पानाला आतून घरटं चिकटवते, आणि तिच्यासाठीसुद्धा ‘वाळकी पानं छाटून झाड नीटनेटकं करा’ हा बागेच्या ठेक्यातला नियम जीवघेणा आहे. गावपाकोळीला इमारतच लागते. झाड तोडायचं तर 1975 च्या कायद्याप्रमाणे वृक्ष प्राधिकरणाकडे अर्ज करावा लागतो, नोटीस लागते, हरकती घेता येतात. भिंतीवरची घरटी पाडायला कुणाकडे जावं लागत नाही. कायदा नाही असं मात्र नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातली शिकारीची व्याख्या वाचून पाहा: वन्य पक्ष्यांची अंडी नासवणं, त्यांची अंडी किंवा घरटी विस्कटणं हेही शिकारीतच धरलं आहे. बंदूक हातात घेतली तरच शिकार, असं कायदा म्हणत नाही. पण रंगकामाच्या कोटेशनपर्यंत हा कायदा अजून पोचलेला नाही.

महाराष्ट्रात पाकोळीच्या भाऊबंदांना वाचवण्याचं एक मोठं काम झालेलं आहे, आणि ते आमच्यापासून दूर, समुद्रात. वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यासमोर खडकाळ बेटं आहेत, त्यांतल्या एकाला बर्न्ट आयलंड म्हणतात. तिथल्या गुहेत भारतीय पाकोळ्यांची एक लहान, करडी जात मोठ्या वसाहती करून राहते. पक्षीतज्ज्ञ हुमायून अब्दुलाली यांनी त्या बेटांवरच्या सुरय आणि पाकोळ्यांवर 1942 मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात लिहिलं होतं. या जातीची घरटी लाळेची असतात, आणि पूर्वेकडच्या देशांत अशा घरट्यांचं सूप मोठ्या किमतीला विकलं जातं. त्यामुळे ही घरटी चोरून खरवडली जात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेनं, भाऊ काटदरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, ती चोरी उजेडात आणली, वन खात्याला सोबत घेतलं आणि बेटावर लक्ष ठेवायला सुरुवात केली. हेच लोक वेळासच्या कासवांसाठीही उभे राहिलेले. भरसमुद्रातल्या खडकावर पोचायला होडी लागते, भरती-ओहोटी पाहावी लागते, चोरांशी गाठ पडते. त्यांनी हे केलं. आमच्या पुलापाशी यातलं काहीच नाही. चोर नाही, बाजारभाव नाही, कुणाचा त्यात पैसा अडकलेला नाही. इथं घरटी जातात ती मागच्या वर्षीची यादी पुन्हा वापरल्यामुळे.

बाहेरच्या जगात लोक याकडे कसं बघतात? जेरुसलेमच्या पश्चिम भिंतीच्या दगडांच्या फटींत पाकोळ्या घरटी करतात. जगातल्या अत्यंत पवित्र आणि अत्यंत संवेदनशील जागांपैकी ती एक, तरी त्या फटी पक्ष्यांसाठी राखल्या जातात. ब्रिटनमध्ये 2021 मध्ये पाकोळीचं नाव तिथल्या धोक्यातल्या पक्ष्यांच्या लाल यादीत गेलं. जुनी घरं दुरुस्त करताना फटी बुजवल्या गेल्या, हे त्याचं एक मोठं कारण मानतात. केंब्रिजजवळच्या फुलबोर्न गावात जुनी वसाहत पाडून नवी बांधली तेव्हा नव्या भिंतींतच पाकोळ्यांच्या पेट्या बसवल्या, आणि पाकोळ्यांनी त्या स्वीकारल्या. तिथं आता पोकळ विटांचा आग्रह धरला जातो. त्या विटा जशाच्या तशा इथं आणून उपयोग नाही, कारण तिकडची पाकोळी बिळात शिरते आणि आपली छताखाली उघड्यावर चाळ बांधते. आपल्याला लागेल तो खडबडीत, गिलावा न केलेला पट्टा, बीम आणि स्लॅबच्या कोपऱ्यात, जमिनीपासून उंच, समोर मोकळी हवा. बांधकामाच्या खर्चात हे बचतीच्या बाजूला जातं.

जुन्या पुलांचा प्रश्न नाजूक आहे आणि त्यावर मी स्पष्ट बोलतो. 15 जून 2025 रोजी तळेगावजवळ कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीत कोसळला आणि चार जणांचा जीव गेला. त्यानंतर जीर्ण पुलांच्या तपासणीचा विषय ऐरणीवर आला, तो यायलाच हवा होता. धोकादायक पूल घरट्यांसाठी उभा ठेवा असं मी कधीही म्हणणार नाही. माणसाच्या जिवापुढे त्या घरट्यांचा हट्ट धरता येत नाही. पण तपासणीला जाणारा अभियंता पुलाच्या पोटाशी जातोच. तडे, गंज, बेअरिंगची अवस्था तो लिहून घेतो. त्याच तक्त्यात घरटी आहेत की नाहीत एवढा एक रकाना वाढवला, तर काम पावसाळ्यानंतर घ्यायचं की लगेच, हे ठरवायला आधार मिळेल. ज्या पुलाला दोन-चार महिने थांबता येतं तो थांबेल. ज्याला येत नाही तो थांबणार नाही.

आणि नवे पूल तर येतच आहेत. नाशिक फाटा ते खेड या सुमारे 30 किलोमीटरच्या आठपदरी उन्नत मार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळानं ऑगस्ट 2024 मध्ये मंजुरी दिली. कासारवाडी, भोसरी, मोशी, चाकण, राजगुरुनगर, सगळा आमचाच पट्टा. मेट्रो निगडीकडे सरकते आहे. तीस किलोमीटर लांबीचं, उंचावरचं सिमेंटचं छत तयार होणार आणि ते इंद्रायणीही ओलांडणार. मात्र हल्लीचे सेगमेंट जोडून केलेले पूल खालून अगदी सपाट, गुळगुळीत असतात. जुन्या गर्डरच्या पुलांना जे कोपरे आपोआप मिळायचे ते त्यांना नसतात. नदीवरच्या खांबांच्या माथ्याशी खडबडीत पट्ट्या ठेवता येतील का, हा प्रश्न आराखडा कागदावर असतानाच विचारायचा असतो. खांब उभे राहिल्यावर विचारून उपयोग नाही. आमच्या शहरात अभियांत्रिकीची महाविद्यालयं कमी नाहीत, निवृत्त अभियंत्यांची तर गल्लोगल्ली भेट होते. पक्षीनिरीक्षक आणि पूल बांधणारे यांनी एका टेबलावर बसावं, यासाठी ही मोक्याची वेळ आहे.

पाकोळी जमिनीवर पडलेली सापडली तर एवढं करा. सपाट जमिनीवरून उडणं तिला फार अवघड असतं, त्यामुळे ती जखमी असेलच असं नाही. तिला हवेत भिरकावू नका, दूधभात भरवू नका, पाणी चोचीत ओतू नका. हवेशीर खोक्यात फडकं घालून अंधारात ठेवा आणि वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर किंवा बावधनच्या रेस्क्यू संस्थेला कळवा. शाळेतल्या मुलांना शहरातली घरटी शोधायला लावा. जून-जुलैत, शाळा सुरू झाल्यावर, हे काम हसतखेळत होतं आणि त्यातून वॉर्डाचा नकाशा तयार होतो. महापालिकेच्या स्थापत्य विभागाकडे असा नकाशा असला तर ठेकेदाराला नेमकं कुठं थांबायचं ते सांगता येईल.

या उन्हाळ्यात तुमच्याही सोसायटीच्या सभेत रंगकामाचा विषय निघेल, किंवा कंपनीत ऑडिटआधीची कामांची यादी तुमच्या सहीसाठी येईल. सही करण्याआधी खाली उतरून पार्किंगच्या, छज्ज्याच्या, जिन्याच्या छताकडे एकदा बघा. घरटी दिसली तर कोटेशनमध्ये दोन वाक्यं घाला: फेब्रुवारी ते सप्टेंबर या भागात काम करू नये. दसऱ्यानंतर काम करतानाही घरट्यांचा पट्टा सोडून करावं. ठेकेदार त्यासाठी जादा पैसे मागत नाही, मी विचारून पाहिलेलं आहे.